मालवणच्या पाण्यात अण्णा

वहिनी गेली आणि अण्णानं यंत्रमाग बंद केला. डोळ्यात टिपूस न्हाय, तोंडात शब्द न्हाय. आमच्या विणकरांच्या खासबागेतली माणसं म्हणायची, लई घट्ट मनाचा गडी. घट्ट कसला डोंबलाचा! आतल्या आत कुढत होता. मी धाकटी बहीण, मला बघवेना. एकदा रडला तर मोकळा होईल, असं वाटायचं. शेवटी ओढतच त्याला मालवणला नेलं.

"पाण्याखालचे मासे दावतात म्हणं, चल की."

"म्हातारपणी कसली गं ही थेरं?" एवढं तरी बोलला. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

छोटी होडी ठरवली. आम्ही दोघं, होडीवाला आणि पाण्यात नेणारा पाणबुड्या. खाली बोलता येत न्हाय, म्हणून त्यानं हाताच्या खुणा शिकवल्या. माझी एकेक चुकत होती. अण्णाला सगळ्या पहिल्या झटक्यात आल्या. येणारच की! यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म गेला, तिथं बोललेलं कुणाला ऐकू येतंय? अण्णा मागावर, वहिनी त्याच्या डाव्या अंगाला सुताच्या कांड्या भरत बसलेली. मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यातली कांडी संपत आली की तो मान न वळवता डाव्या हाताचं बोट गोल फिरवायचा, आणि ती भरलेली कांडी त्याच्या तळहातावर ठेवायची. भांडणंसुद्धा खुणांनीच चालायची त्यांची.

पाठीवर सिलिंडर बांधून अण्णा पाणबुड्याबरोबर खाली गेला. मी तोंडात नळी धरून वर पालथी तरंगत होते, होडीचा दोर घट्ट धरून, जीव मुठीत घेऊन. पाणी नितळ होतं. पिवळे-काळे मासे अण्णाच्या नाकासमोरून गेले, त्याचं लक्षच नव्हतं. माझ्या नळीत श्वासाची घरघर चालली होती, एका ठेक्यात, मागासारखी. त्याच्याही कानात तीच असणार. कारण त्याचा डावा हात उठला. बोट गोल फिरलं. मग तळहात उघडून तो तसाच थांबला.

पाणबुड्याला ही खूण ठाऊक नव्हती. घाबरून त्यानं अण्णाला वर आणलं. "काका, काय झालं? काय हवं होतं?"

अण्णानं तोंडातली नळी काढली आणि माझ्याकडं बघितलं. "कांडी मागितली गं. दिली न्हाय तिनं."

आणि एका हातानं होडीचा काठ धरून तो हमसून हमसून रडला. होडीवाल्यानं तोंड फिरवलं. मी अण्णाला रडवायलाच आणलं होतं, पण आता ते सोसवेना. त्याचा अजून उघडाच असलेला डावा हात मी माझ्या हातात घेतला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला, आणि परत तसाच उघडा धरला.