अनवरीने भरलेला चुडा

लहान लेकरांना कुठं धंदा जमतो का, असं कुणी हसून म्हटलं की मला राग येतो. वडीगोद्रीत हायवेला अनवरीचं बांगड्यांचं दुकान आज सगळ्यांना माहीत आहे. पण तिने धंदा हाती घेतला तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि सुरुवात केली ती माझ्याच मनगटापासून.

साल सत्त्याऐंशी. माझं लग्न तोंडावर आलेलं आणि आम्हाला बांगड्या भरणारे मनियार महेमूदभाई, म्हणजे अनवरीचे वडील, पाय मोडून खाटेवर. ज्याच्या हातून लग्नाचा हिरवा चुडा भरला, त्याच्याकडेच ते घर पुढे कायम, अशी आमच्याकडची रीत. दुसरा मनियार आला की महेमूदभाईंच्या हातून आमचं घर सुटलंच. त्यांचे भाऊ अजमत या धंद्यातले नव्हते; लग्न अडू नये म्हणून ते मात्र अंबडहून दुसऱ्याला आणायचं ठरवून बसले होते. ते तसं सांगायला आमच्याकडे आले, तर अनवरी आधीच टोपली घेऊन ओट्यावर बसलेली.

माझी आई सगुणाबाई. तिने कपाळाला आठ्या घातल्या. "ही काय भातुकली हाय का? चुड्याची बांगडी फुटली मंग?"

बापाजवळ बसून शिकलेय, असं म्हणत अनवरीने माझा हात ओढलाही.

तिसरीच बांगडी फुटली. अजमतभाई टोपली उचलायला वाकले. मला तर रडूच कोसळलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तिने माझा हात सोडला नाही.

"फुटली ती माझी. तिचे पैसे न्हाईत," ती म्हणाली. "ताई, तुम्ही माझ्यापायी भिऊन राह्यल्या, म्हणून हात आखडला. बिलकुल ढिला सोडा."

खरंच होतं ते. मी डोळे मिटले. तिने माझा अंगठा तळहातात दुमडला, बोटांची पेरं चोळून चोळून मऊ केली आणि एकेक बांगडी चढवत गेली. पुढची एकही फुटली नाही.

चुडा भरणाऱ्याला नवरीने वाकून नमस्कार करायचा असतो. आता एवढ्याशा पोरीपुढे कसं वाकायचं? आई म्हणाली, अजमतभाईंना कर. तेही टोपी सावरत पुढे झाले.

"चुडा मी भरला," अनवरी म्हणाली.

मी तिच्यापुढे वाकले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, टोपली उचलली आणि आईला बजावून सांगितलं, "डोहाळजेवणालाबी मलाच बोलवा, मावशी."