तळीला सहावा माणूस

दुसऱ्याच्या सुखाचा हेवा करू नये, हे तत्त्व मी आयुष्यभर निष्ठेने पाळत आलो. त्याला फारसे कष्ट पडले नाहीत, कारण माझ्या ओळखीत बरीच वर्षे कोणी विशेष सुखी नव्हते. महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्याला सहकारीही तसेच मिळतात. मग माझ्या धाकट्या मेव्हणीचे यजमान नोकरीतून लवकर मोकळे झाले आणि दोघे पुण्याहून जग हिंडू लागले.

माझे साडू हिंडतात ते प्यायला. गैरसमज नको, गृहस्थ कायम शुद्धीत असतात. पण कुठल्याही गावी उतरले की त्यांचा पहिला प्रश्न एकच, "इथलं खास काय पितात?" देवळे आणि किल्ले नंतर. मी एकदा त्यांना खर्ड्याच्या किल्ल्याविषयी सांगत होतो. तटबंदीपर्यंत आलो तोच त्यांनी विचारले, "तिथं प्यायला काय मिळतं?" मला माहीत नव्हते. तीस वर्षे शिकवून मला ते माहीत नव्हते, याचे त्यांना खरोखर वाईट वाटले.

गेल्या हिवाळ्यात ते युरोपातले नाताळचे मेळे बघून आले. तिकडे म्हणे चौकाचौकांत लाकडी टपऱ्या लागतात, दिव्यांच्या माळा असतात, आणि दालचिनी-लवंग घालून गरम केलेली वाइन पेल्यात देतात. दालचिनी-लवंग घालून गरम केलेले काहीही आमच्याकडे सर्दीवर देतात, असे मी म्हणालो. कोणी हसले नाही. त्यांनी तिकडून आणलेल्या पेल्यांतला एक माझ्या बायकोला दिला. त्यावर बर्फातल्या चर्चचे चित्र आहे. ती सकाळचा चहा आता त्यातूनच घेते. माझा चहा अजून पतसंस्थेने वर्धापनदिनाला दिलेल्या कपात येतो.

परत आल्या आल्या त्यांचा पुढच्या नाताळाचा बेत ठरला आणि त्यांनी आम्हा दोघांना बरोबर बोलावले. बोलावताना बघत होते हिच्याकडे.

"आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे?" मी म्हणालो. "पौषात यात्रा असते, हुरडा असतो, गुऱ्हाळं पेटलेली असतात. आधी हे तरी बघा."

"दाखवा," ही म्हणाली.

त्याप्रमाणे त्याच जानेवारीत दोन दिवस ठरले. मेव्हणी आणि साडू गाडी घेऊन नगरला आमच्याकडे उतरले. रस्त्यावरच्या पाट्या आता अहिल्यानगर म्हणतात, पण उतरायचे असले की सगळे नगरलाच उतरतात. माझा बेत साधा होता. दोन दिवसांत हिच्या मनातून युरोप काढायचा.

पहिल्या दिवशी पारनेर तालुक्यात माझ्या चुलतभावाच्या गावी गेलो. तिथे खंडोबाची यात्रा होती. खंडोबा आमचे कुलदैवत, पण मी यात्रेला बरीच वर्षे गेलो नव्हतो. यात्रेतल्या कर्ण्यांविषयी आणि फलकांविषयी माझी मते आहेत. वेशीवरच एक फलक होता. त्यात देव वरच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढे होते. उरलेली सगळी जागा स्वागतोत्सुकांनी घेतली होती. मी ते साडूंच्या लक्षात आणून दिले. ते म्हणाले, "वा, काय रंग आहेत!"

चुलतभावाच्या ओट्यावर चपला काढता काढताच त्यांनी विचारले, "इथलं खास काय पितात हो?"

चुलतभाऊ दचकला. त्याने माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. "दादा, सकाळच्या पारीच?"

"तसलं न्हाई इचारत ते," वहिनी चुलीपाशून हसल्या. "माडगं हाय हुलग्याचं. पर पुन्याच्या मानसाला काय आवडायचं न्हाई त्ये."

"आणा, आणा," साडू म्हणाले आणि थेट चुलीपुढे मांडी घालून बसले.

माडगे म्हणजे भाजलेल्या हुलग्यांचे पीठ पाण्यात शिजवून, गूळ आणि सुंठ घालून केलेले दाट पेय. रंग विहिरीतल्या गाळाचा. लहानपणी ताप उतरला की आम्हाला ते पाजत, त्यामुळे नुसत्या वासाने माझे अंग दुखायला लागते. साडूंनी वाडगा दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"आधी धूर येतो," ते म्हणाले. "मग माती. आणि सुंठ अगदी शेवटी येते."

वहिनी ओशाळल्या. "धूर लागला व्हय? चूल जरा सकाळपास्नं..."

"नाही हो वहिनी, धूरच तर पाहिजे! हा धूर गॅसवर येणार आहे का?"

वहिनींनी आयुष्यभर त्या धुराने डोळे चोळले आहेत. त्यांनी आता चुलीकडे असे पाहिले, जणू तिला काल बक्षीस मिळाले आहे. साडूंना दुसरा वाडगा मिळाला. ही आणि मेव्हणीही एकमेकींच्या वाडग्यात डोकावत प्यायल्या. माझ्यापुढे चहा आला.

"भावजी, तुमाला बिनसाखरेचा केलाय."

"मला माडगं चाललं असतं," मी म्हणालो.

"आता गं बाई! मागं लग्नात तुमीच म्हनला हुता, हुलगं घोड्याला घालत्यात म्हनून. मी कशाला पुन्ना इचारू?"

सगळे हसले. सगळ्यांत जास्त ही हसली. हिचे असे डोळ्यांत पाणी येईपर्यंतचे हसणे आमच्या घरात बरेच दिवस झाले नव्हते. ते व्हायला साडूंचा वाडगा लागला.

मग तळी उचलायची वेळ झाली. ताम्हणात विड्याची पाने, खोबरे आणि भंडारा ठेवायचा, पुरुषांनी भोवती बसून ते ताम्हण सगळ्यांनी मिळून उचलायचे आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणायचे, एवढा तो विधी. माणसे मात्र विषम लागतात, पाच किंवा सात. मी वर्गात यावर बोललेलो आहे. लोकदैवते, पशुपालक समाज, वगैरे. भक्ती म्हणून मी ती कधी उचलली असेल असे नाही. पण मी घरातूनच हिशेब करून निघालो होतो. चुलतभाऊ, त्याची दोन मोठी मुले, शेजारचे आजोबा आणि पाचवा मी. खिशात पांढरी टोपीसुद्धा आणली होती. ती घातली, पाय धुतले आणि जाऊन बसलो. ही बघते आहे ना, तेही पाहून घेतले.

"या की पाव्हनं," चुलतभाऊ साडूंना म्हणाला.

साडू आले आणि बसले. आजोबांनी सगळ्यांवरून बोट फिरवले. "सा हुत्यात. येक वाढवा, न्हाईतर येक उठवा."

गल्लीत वाढवायला कोणी नव्हते, सगळे गाव देवळाकडे गेले होते. ताम्हण मधोमध वाट बघत राहिले.

"मी बाजूला बसतो ना," साडू म्हणाले. हे त्यांनी इतक्या सौजन्याने म्हटले की ते प्रत्यक्षात येण्याची काही शक्यता उरली नाही.

"तसं कसं?" चुलतभाऊ म्हणाला. "पाव्हन्याचा मान हाय. दादा काय, घरचाच मानूस हाय. व्हय ना, दादा?"

"व्हय," मी म्हणालो आणि उठलो.

"आन् ती टोपी द्या पाव्हन्यास्नी," आजोबा म्हणाले. "उघड्या डोक्यानं बरं दिसत न्हाई."

मी टोपी दिली. साडूंना ती माझ्यापेक्षा चांगली बसली. त्यांनी आपला मोबाईल माझ्या हातात ठेवला. "साडूभाऊ, जरा शूट कराल?"

माझ्या कुलदैवताची तळी मी दुसऱ्याच्या मोबाईलमधून पाहिली. ताम्हण वर गेले, येळकोट झाला, भंडारा उधळला. मोबाईल जरासा उजवीकडे नेला तेव्हा पडद्यात ही दिसली. कपाळभर भंडारा लावून ती टाळ्या वाजवत होती आणि बघत होती टोपीकडे. साडूंचे डोके त्या चित्रणात कुठेच आले नाही. उन्हामुळे पडदा नीट दिसला नाही, असे मी नंतर सांगितले. मी सावलीत उभा होतो.

परतताना गाडीत मेव्हणी म्हणाली, "ताई, तिकिटाचं या आठवड्यात सांग हं. नंतर भाव वाढतात."

ही खिडकीबाहेर बघत होती. तिकडे बघतच म्हणाली, "भाऊजींना कुठेही मिसळता येतं, नाही?"

"लोक मिसळू देतात म्हणून येतं," मी म्हणालो. "मला उठवलं."

"दाजी, तुम्ही किती पटकन उठलात पण," मेव्हणी म्हणाली. तिला ते कौतुक वाटले असावे.

दुसऱ्या दिवशी शेवगावच्या बाजूला हुरडा खाल्ला. हुरडा हे पेय नसल्यामुळे साडूंना तिथे फारसा वाव मिळाला नाही आणि माझा दुपारपर्यंतचा वेळ चांगला गेला. परतीच्या वाटेवर गुऱ्हाळ लागले. मोठी काहील उकळत होती. खाली चिपाडांचा जाळ होता आणि गूळ करणारा गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्याने मळी काढत उभा होता. या वेळी मी आधी उतरलो. जवळजवळ धावतच गेलो.

"इथलं खास काय पितात?" मी गुळव्याला विचारले.

"रस," तो म्हणाला. "दुसरं काय पित्यात गुऱ्हाळात?"

तेवढ्यात साडू आले. त्यांनी काही विचारलेच नाही. चिपाडांच्या ढिगावर बसले, जाळाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पहाटेपासून उभे असाल."

"तीनाला पेटवलंय, सायेब," गुळव्या म्हणाला. झारा खाली ठेवून त्याने कपाळ पुसले. मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "थांबा. मालकाला सांगू नका."

त्याने काहिलीतून गरम काकवी काढली, स्टीलच्या पेल्यांत थोडी थोडी ओतली, वर ताजा रस घातला आणि स्वतःच्या भाकरीच्या फडक्यातले लिंबू पिळले. पेले तीनच होते. साडू, मेव्हणी आणि ही. मी ज्या ठिकाणी उभा होतो तिथे मला जाळाचा धूर मिळाला.

ही आपला पेला घेऊन माझ्याजवळ आली. फुंकर घालत म्हणाली, "मी जाणार आहे त्यांच्याबरोबर. तुम्ही आलात तर बरंच. नाहीतर तुमचा डबा सांगून ठेवते, दोन्ही वेळचा."

"एवढं सगळं दाखवलं ते कशाला? आपल्याकडं काही कमी आहे का?"

"काही कमी नाही. मला फार मजा आली. पण तुम्ही आपल्याकडचंही काही पीत नाही. सगळीकडे बाजूला उभे राहता आणि घरी आल्यावर सांगता, त्यात काय काय चुकलं."

यावर माझ्याजवळ दोन चांगली उत्तरे होती. त्याऐवजी तिच्या हातातला पेला घेतला आणि प्यायलो. जीभ पोळली.

"कसं आहे?"

"गोड आहे."

"काकवी आहे ती," ही म्हणाली. "तुमची शुगर?"

"आता घेतली ती घेतली."

खरे म्हणजे ते अप्रतिम होते. गुळाच्या आधीची गोडी, लिंबू, आणि शेवटी कुठेतरी धूर. धुराचे मी कोणाला सांगितले नाही, कारण तो शोध आधीच साडूंच्या नावावर होता.

ते उठून आमच्याकडे आले. कपड्यांना चिपाडे चिकटली होती, आणि तीही त्यांना शोभत होती. "साडूभाऊ, तुमचं नाहीच ना मग? म्हणजे आमची तीन तिकिटं एका रांगेत घेतो. खिडकी ताईंना देऊ. हिला कडेची जागा लागते. मधे मी बसेन, मला कुठंही चालतं."

ते मधे बसलेले मला दिसले. खाली ढग, पुढच्या फळीवर दोन पेले, आणि हे गृहस्थ माझ्या बायकोला सांगताहेत की आधी काय येते आणि मग काय येते. नऊ तास. आणि ही हसते आहे.

"चार काढा," मी म्हणालो. "हिच्या शेजारी मी बसेन. खिडकी नसली तरी चालेल."

साडूंना आनंद झाला, आणि तो खरा होता. तोही मला सोसवला नाही.

"तुम्हाला थंडी बाधते," ही म्हणाली. पण पेला पुन्हा माझ्याकडे केला.

कुतूहल माणसाला घराबाहेर काढते, असे मी मुलांना तीस वर्षे शिकवले. समुद्र ओलांडणाऱ्यांच्या मनात काय असते, यावर माझे एक व्याख्यान होते आणि त्याला दरवर्षी टाळ्या पडत. आता समुद्रापलीकडचा तो प्रदेश मी स्वतः पाहणार होतो, साठी उलटल्यावर, उघड्या डोळ्यांनी. दुसऱ्याच दिवशी कापडबाजारात थर्मलचे कपडे घ्यायला गेलो. थंडीचा माल संपत आला होता. माझ्या मापात फक्त पोपटी रंग शिल्लक होता.