जिवंत नवऱ्याचं कुंकू

"मेल्या माणसाला पान नाय वाढत."

पाटील एवढंच बोलला आणि माझ्यापुढची पत्रावळ उचलली. भात वाढलेला होता, त्यावर वरणही पडलेलं. लग्नाची पंगत. दोन्हीकडे माझ्याच गावची माणसं बसलेली. कोणी घास थांबवला नाही. पलीकडून एक जण म्हणाला, "त्याचं पान तिकडं वळचणीला ठेवा. कावला येल खायाला." सगळे हसले. मीही हसलो. आज लिहिताना त्या हसण्याचीच जास्त लाज वाटते.

मी तेव्हा बावीस-तेवीसचा. जिता, धडधाकट. पण माझ्या बायकोने सिनेमात कुंकू पुसलं होतं.

ठाण्याच्या खाडीकाठी आमचं गाव. मिठागरं पाटलाची, आम्ही त्यात मीठ ओढणारे. खोपटंही त्याच्याच जागेत. स्वराज्य मिळून चार-पाच वर्षं झालेली, तरी पाटलाला विचारल्याशिवाय आमच्यातला कोणी पाहुण्याकडे राहायला जात नसे. एका उन्हाळ्यात सिनेमाची कंपनी आली. त्यांच्या नटीला मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालता येईना, दोनदा चिखलात बसली. मग हिराला, माझ्या बायकोला, उभं केलं. ती चालली. कंपनीच्या सायबाने तिला दोन वाक्यं बोलायला लावली. ती बोलली आणि सायबाने पुन्हा बोलायला लावली. तिला विधवेचं कामच दिलं. नवरा खाडीत बुडतो, बाई बांधावर बसून बांगड्या फोडते, कुंकू पुसते. एवढंच काम.

पण त्यावरून तिला दादरच्या स्टुडिओत बोलावणं आलं. एक काम झालं, दुसरं आलं. हिरा मिठाच्या आगरात यायची थांबली.

मग तो सिनेमा ठाण्याच्या थेटरात लागला. गाव बैलगाड्या जोडून दुपारच्या खेळाला गेलं. पडद्यावर हिराने कुंकू पुसलं आणि आमच्या बाया तिथंच रडायला लागल्या. माझी चुलती तर माझं नाव घेऊन रडली. मी तिच्या शेजारीच बसलेलो.

नवरा जिता असताना जिने कुंकू पुसलं, तिचा नवरा वर्ष काढत नाही, असं गावाने ठरवलं. आणि खरं सांगतो, मीही ते मनात धरलं. होडीत पाय ठेवेना. छातीत जरा चमकलं की मटकन बसायचो. सकाळी उठलो की आधी हिराच्या कपाळाकडे बघायचो. एकदा घामाने तिचं कुंकू ओघळलं, तर त्या दिवशी मी खोपटाबाहेर पडलो नाही. शेवटी मीच तिला म्हटलं, सोड ते काम. ती चुलीत लाकूड सारत होती. वर बघितलंही नाही.

"तुमी मेलाव तर मी खरीच रडन," ती म्हणाली. "पन जिते असून मेल्यासारके बसलाव, त्याला मी काय करू?"

मला राग आला. तसाच उठून बाहेर गेलो.

पत्रावळ उचलली त्यानंतर दोन दिवसांनी देवळापुढे गावकी बसली. मधे पाटील, बाजूला पंच, मी खाली जमिनीवर. हिराला बोलावलंच नव्हतं. पाटलाने भाताच्या पेंढ्याची एक काडी माझ्या मांडीवर टाकली. काडीमोड. आमच्यात बायको सोडायची तर पंचांपुढे काडी मोडायची, झालं. तो मला समजावत होता, अगदी बापासारखा. काडी मोडलीस की ती तुझी बायको राहत नाही. मग तिने पुसलेलं कुंकू तुझं नाही. तू जगशील. नाही मोडलीस तर वाळीत. आगरात काम नाही, विहिरीवर पाणी नाही, खोपट रिकामं करायचं. मेलास तर खांदा द्यायला कोणी येणार नाही.

मी काडी उचलली. खोटं लिहीत नाही. दोन्ही हातांत धरली, वाकवली. मला जगायचं होतं.

तेवढ्यात पाटलाचा चहा आला. त्याने बशीत ओतला, फुंकर मारली. आणि मला आठवलं. शूटिंगच्या दिवशी हा असाच कंपनीच्या खुर्चीत, छत्रीखाली, बशीला फुंकर मारत बसलेला. समोर हिरा कुंकू पुसत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा हाच हसून म्हणाला होता, अरे येड्या, खोटं हाय ते.

म्हणजे याला माहीत होतं. माझ्या मरणाची याला काळजी नव्हती. हिराच्या मागून आणखी दोन बाया पाटी टाकून ठाण्याला कामाला गेलेल्या, काळजी त्याची होती.

काडी हातात तशीच वाकलेली. तरी बोललो.

"पाटील, तिनं कुंकू पुसलं तवा तुमी खुर्चीत बसून चाय पीत होतेव. तुमीच मना बोललेव, खोटं हाय. मंग आता ते खरं कसं झालं?"

पाटलाने बशी खाली ठेवली. पाटील हळूच म्हणाला, "काडी मोड."

"माजा हात नाय लागायचा," मी म्हटलं. काडी होती तशी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि उठलो. शूर वगैरे काही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी भांडी बांधून आम्ही कल्याण गाठलं. चुलतीने दार लावून घेतलं. चाळीत खोली घेतली, मी मालधक्क्यावर हमाली धरली. वर्ष सरेपर्यंत रोज मरणाची वाट बघितली. मेलो नाही. हिराने पुढे पुष्कळ वर्षं सिनेमात काम केलं, म्हातारपणी टीव्हीवर आजी झाली. किती वेळा कुंकू पुसलं असेल, मोजलं नाही. दर वेळी ती घरी आली की मी आधी तिच्या कपाळाकडे बघायचो. गेल्या साली ती गेली, माझ्या आधी.

त्याच गावात आज पुन्हा एक घर वाळीत आहे. पोरीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून. त्या घराने ठाण्याच्या कोर्टात केस घातली आहे, आणि वाळीत टाकणं काय असतं ते सांगायला मला साक्षीला बोलावलं आहे. आता गावकी चालवतो त्या पाटलाच्या नातवाने मला निरोप धाडला, आजोबा, या वयात कशाला कोर्टाच्या पायऱ्या चढता. निरोप ऐकल्यापासून मला झोप नाही. या वयातही घाबरतो मी.

सोमवारी तारीख आहे. मी जाणार. ज्यांनी वाळीत टाकलं त्यांची नावं घेऊन सांगणार. मेलेल्यांची आणि जित्यांचीही.