आठ वाफे भरायचे होते

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. हापिसाच्या मागं पालापाचोळा साचतो तसे ते साचतात, रोज थोडे, कुणाच्या लक्षात न येता. मग एखाद्या दिवशी कुणी म्हणतं, मामा, तो शेणाचा किस्सा सांगा की. तेवढा एक उचलायला जावं तर खालून आणखी चार निघतात. आमच्या केजच्या हापिसाचं तसंच आहे. हापिस कोणतं ते विचारू नका. तिथली माणसं भली होती.

मी तिथं रोजंदारीवर माळी. सगळे मला मामा म्हणायचे. गावात डिश अँटेना आणि एसटीडीचे पिवळे बूथ नवे नवे आलते, तेव्हाची गोष्ट. त्याच सुमाराला आम्हाला नवे साहेब मिळाले. ते पुण्याकडं ट्रेनिंगला गेलते आणि तिथं विटांच्या उंच वाफ्यांत लावलेली भाजी पाहून आलते. आमचं आवार म्हणजे नुसता मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची. साहेब म्हणाले, खाली माती नाही तर नाही, आपण वर आणू. गुडघाभर उंचीचे आठ वाफे बांधू. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मामा, ह्या मुरमावर वांगी काढून दाखव. तुझं परमनंटचं मी बघतो."

'मी बघतो' हे मी बारा वर्षं वेगवेगळ्या साहेबांच्या तोंडून ऐकत होतो. वांग्याची अट मात्र पहिल्यांदाच आली. अट घातली की शब्दाला जरा वजन येतं. मी कामाला लागलो.

*

वाफे आमच्या इंजिनिअर साहेबांनी बांधले. पक्क्या विटा, बाहेरून प्लास्टर, वरून चुना, आणि प्रत्येकावर लाल रंगात नंबर, एक ते आठ. सगळं बजेट त्यात गेलं. तळालाही त्यांनी सिमेंट घातलं. मी हळूच विचारलं, साहेब, खालून कावून बंद केलं? म्हणाले, माती गळू नये म्हणून.

तोवर माती आलीच नव्हती. पण गळण्याची सोय झाली होती, म्हणजे न गळण्याची.

सिमेंटवर पाणी मारायचं म्हणून आठही वाफे भरून ठेवले. आठ दिवस पाणी हललं नाही. बेडकं आली. शेजारच्या म्हशी पाण्यावर येऊ लागल्या. इंजिनिअर साहेबांनी मोठ्या साहेबांना आणून दाखवलं, बघा, एक थेंब गळत नाही. मोठे साहेब खूश झाले.

ते दोघं चहाला गेल्यावर मी पहार घेतली आणि प्रत्येक वाफ्याच्या तळाला चार-चार भोकं पाडली. इंजिनिअर साहेबांनी परत येऊन पाहिलं. पुढच्या कागदात त्या भोकांचं नाव 'ड्रेनेज सिस्टीम' असं आलं, आणि ती त्यांनी बसवली असंही आलं.

*

आता माती. इस्टिमेटात मातीची ओळच नव्हती. हेडक्लार्क भाऊसाहेब म्हणाले, माती कुठं विकत घेतात का मामा, ती सगळीकडंच असते. सगळीकडं म्हणजे कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही.

माझी मेहुणी पालीला दिलेली. तिथल्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात आटलं की कडेला काळाभोर गाळ उघडा पडतो, लोण्यासारखा. मी म्हटलं, आपली जीप मिटिंगला बीडला जाते आणि रिकामी येते, वाटेत चार पोती टाकून आणू. साहेबांना पटलं. पण म्हणाले, सरकारी वस्तू सरकारी पद्धतीनंच आणायची. तळ्याच्या खात्याकडं अर्ज गेला. तिकडून विचारणा आली, गाळ कोणत्या कामासाठी. उत्तर गेलं. पुन्हा विचारणा आली, कोणतं पीक. उत्तर गेलं.

तोवर मी सुट्टीच्या दिवशी पालीला जाऊन दोन दोन पोती एसटीच्या टपावर टाकून आणत होतो. पहिल्याच खेपेला कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय हाय? मी सांगितलं, माती. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"केजातली संपली का?"

मी म्हटलं, हापिसातली संपली. त्यावर त्यानं तिकीट मागितलं नाही. माझी त्याला दया आली असावी.

परवानगी शेवटी आली. तेव्हा तळं काठोकाठ भरलं होतं. पत्रात लिहिलं होतं, गाळ जिथे असेल तिथून स्वखर्चाने उचलावा.

*

साहेबांच्या बाईसाहेब मायाळू होत्या. माझी पोती बघून त्यांना वाईट वाटलं. पुण्याला माहेरी गेलत्या, येताना वाफ्यांसाठी एक पिशवी घेऊन आल्या. चकचकीत प्लास्टिक, त्यावर हसणाऱ्या बाईचा फोटो. आत नारळाच्या काथ्याचा भुसा होता. एवढी पिशवी वाफ्यात ओतली तर रांगोळीएवढी पसरली.

मी विचारलं, हे काय हो बाईसाहेब? त्या पिशवीवरचं वाचून म्हणाल्या, मामा, ही नवी पद्धत आहे, हिच्यात माती अजिबात नाही, म्हणून तर महाग.

"बाईसाहेब, बिगरमातीचं आपल्याकडं आधीच लई हाय. आठ वाफे."

त्या हसल्या. भली बाई. पुढच्या खेपेला त्यांनी पिशवी आणली नाही, बिस्किटं आणली.

*

शेणखताला भाऊसाहेबांनी तीन कोटेशनं मागितली. नियमच तसा होता. टाचणी घ्यायची तरी तीन दुकानांचे भाव कागदावर लागायचे, मग सगळ्यात कमी भावाला मंजुरी. मी तीन गोठ्यांवर गेलो. पहिला म्हणाला, शेणाचा भाव लिहून देऊ? हापिसात लई काम दिसतंय. दुसरा शिरसाळ्याच्या बाजारात गेलता. तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, "उकिरडा फुकट न्या बाबा, सगळा न्या. पण सही मागू नका. आमच्या ह्यांनी एकदा सही केलती, तवापासून कोर्टात जात्यात."

मी आनंदानं येऊन सांगितलं, भाऊसाहेब, फुकट मिळतंय. त्यांचा चेहरा उतरला. फुकटाला मंजुरी कशी देणार? तुलना कशाशी करणार? म्हणाले, मामा, तिला सांग, थोडा तरी भाव लाव.

म्हातारीनं भाव लावला नाही. मी रोज घरून येताना डोक्यावर एक टोपलं आणत गेलो. महिन्यानं भाऊसाहेबांनी वाफ्याजवळ उभं राहून नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, कोटेशनचं काय झालं? मी म्हटलं, चालू हाय.

*

एवढं करूनही माती निम्म्याला पुरेना. खरं तर पुरायची गरजही नसते. गुडघाभर वाफ्यात मुळं वरच्या दीड वितीत खेळतात. त्याखाली पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचं पाचट, वाळला पाला घालायचा, शेणाचा काला शिंपडायचा, तुडवायचं, आणि वर गाळ नि खत मिसळून चांगली माती द्यायची. खालचं कुजतं, बसतं, वरच्याला पोसतं. एकदा खचलं की वर आणखी टोपलंभर टाकायचं. ह्यात शिकण्यासारखं काही नाही. साहेबांना मात्र हे लई आवडलं. त्यांनी सगळ्या टेबलांना कळवलं की हापिसात कुजण्याजोगं जे जे असेल ते मामाकडं द्यावं.

कुणीतरी म्हणालं, मग भाऊसाहेबांनाच द्यावं लागेल. ते जाऊ द्या.

हे ऐकून सगळ्यात जास्त आनंद झाला तो मन्मथआप्पाला. मन्मथआप्पा आमचा रेकॉर्डकीपर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं मऊ. त्याच्या खोलीत जुन्या फायलींचे बस्ते छतापर्यंत गेलते. उंदीर, झुरळं, वाळवी. ते जाळायचे तर कमिटी बसवावी लागायची, आणि कमिटी काही बसत नव्हती. आप्पा म्हणाला, मामा, जाळायला बंदी हाय, पुरायचं कुठल्याच नियमात न्हाई. दोन दिवस तो निवडत बसला आणि नको ते बस्ते दाराबाहेर टाकत गेला. मी एकेक उचलून वाफ्यात नीट बसवला, वरून काला शिंपडला, पायानं तुडवला. चौथ्या वाफ्यात सगळ्यात जाडजूड बस्ता गेला, निळ्या नाडीचा. तो बसेना म्हणून मी दोनदा तुडवला. अक्षर मला पुढं प्रौढांच्या वर्गात आलं. तेव्हा कागद म्हणजे कागद.

वांगी अशी आली की रस्त्यावरची माणसं सायकली थांबवून बघायची. चौथ्या वाफ्याला तर विचारूच नका. साहेब शब्दाला जागले, माझी परमनंटची फाईल उघडली. वर बीडहून मागणी आली, मागच्या पाच वर्षांच्या हजऱ्या लावा. मस्टरवर दर महिन्याला माझा अंगठा होताच. भाऊसाहेबांनी मन्मथआप्पाला हजऱ्या काढायला सांगितलं.

आप्पा दोन दिवस खोलीत शोधत होता. तिसऱ्या दिवशी बाहेर आला आणि चौथ्या वाफ्यापाशी जाऊन उभा राहिला. मी तिथंच खुरपत होतो.

"मामा, त्या जाड बस्त्याला निळी नाडी होती का?"

"होती."

"त्या तुझ्या हजऱ्या होत्या, मामा. मी नाडी बघून टाकल्या. निळी नाडी टाकायची असती, असं माझ्या डोक्यात होतं."

मी खुरपं खाली ठेवलं. बारा वर्षं मी जे मागत होतो ते माझ्याच हातानं पुरलं होतं, वर नाचलो होतो.

एका कडेनं उकरलं. कागद कुठला, काळी मऊ माती झालती, गांडुळं वळवळत होती. एवढी चांगली माती मी जन्मात केली नव्हती. तळाशी हातरुमालाएवढा एक तुकडा तेवढा मिळाला. त्यावर जांभळ्या शाईचे अंगठे होते, एकाखाली एक. नावाची बाजू वाळवीनं खाल्लती.

भाऊसाहेब मला म्हणाले, मामा, आता पुढच्या साहेबांच्या वेळेला बघू.

हापिसाची दरसालची तपासणी लागली होती, तिच्या ठरल्या दिवशी बीडहून तपासणीचे साहेब आले. बारीक, चष्म्याचे, कमी बोलणारे. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, ह्या माळ्याच्या हजऱ्यांचा अभिलेख कुठे आहे? भाऊसाहेबांनी आप्पाकडं पाहिलं. आप्पानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, बाहेर हाय साहेब, चला.

चौथ्या वाफ्यापाशी आप्पानं सगळं खरं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. साहेबांचा चेहरा कडक झाला. सरकारी अभिलेख नष्ट करणं म्हणजे काय ते त्यांनी आप्पाला सांगितलं, आणि त्याची कलमंही सांगितली. आप्पाच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं. मग साहेबांनी तो तुकडा मागितला.

"नाव कुठंय?"

"वाळवीनं खाल्लं, साहेब."

"आणि अंगठे ठेवले?"

"शाई कडू लागली आसंल."

साहेबांनी माझा हात धरून अंगठा उन्हात धरला. अंगठ्यावर आडवा वण आहे, लहानपणी विळा लागलेला. त्यांनी वण पाहिला, चष्मा वर करून तुकडा पाहिला. प्रत्येक ठशात तीच आडवी रेघ होती. मग ते वाकून वाफ्यातली माती चिमटीत घेऊन चुरत राहिले.

"हा वाफा भरला कुणी?"

"मीच, साहेब."

"तुझीच हजेरी होती ना?"

"माझीच, साहेब."

त्यांनी रजिस्टर वाफ्याच्या कडेवर ठेवलं, पेन काढलं आणि उभ्या उभ्या शेरा लिहिला. मग जीपमध्ये बसून निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही. त्याच शेऱ्यावर पुढं माझी ऑर्डर निघाली. मन्मथआप्पानं तो आम्हाला तिथंच मोठ्यानं वाचून दाखवला, एकदा वाचून त्याचा विश्वास बसेना म्हणून दुसऱ्यांदाही:

"अभिलेख जागेवर पाहिला. सुस्थितीत असून वाढ समाधानकारक आहे."