आक्कांच्या लाडवातली खसखस

लाडवाचा दुसरा घास घेतला आणि मी चावायची थांबले. दाताखाली बारीक कण कुरकुरत होते. रवा नव्हता. तीळ तर नव्हतेच. उरलेला लाडू फोडून ट्यूबलाइटखाली धरला. डिंक आणि खारकेच्या मधे, खोबऱ्याच्या किसाला चिकटलेले फिकट दाणे दिसले. खसखस.

असाच लाडवांचा डबा आदल्या दिवशी मी स्वतः बुक करून आखाती देशात पाठवला होता.

मी रायपूरला, तात्यापाऱ्यात (इथं आळीला पारा म्हणतात), एका इंटरनॅशनल कुरिअरच्या ब्रँचमध्ये बुकिंग बघते. आमच्याकडे निम्मी पार्सलं औषधांची असतात. इथल्या घराघरांतली मुलं बाहेर आहेत, आणि कितीही मोठ्या पगारावर गेली तरी गोळी त्यांना आईच्या गल्लीतल्या मेडिकलचीच लागते. तिकडं डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत दुखणं जुनं होतं म्हणतात. गोळ्यांबरोबर मग च्यवनप्राश येतो, शतावरी येते, आणि ज्याला आया 'थोडासा खाऊ' म्हणतात ते पाच किलोंचं बोचकं येतं.

औषधांच्या पार्सलचे नियम सोपे आहेत, पण पाळायचे म्हटले की लोकांच्या जिवावर येतं. डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे, दुकानाचं बिल पाहिजे, गोळ्या मूळ पाकिटातच पाहिजेत, आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची कॉपी पाहिजे. शिवाय प्रत्येक देशाला काही ना काही वर्ज्य असतं. आपण खसखस अनारशाला लावतो. हे पार्सल जिथं चाललं होतं तिथं ती अफूच्या झाडाची बी. अमली पदार्थ. चिमूटभर असो की पोतंभर, कायदा एकच. आणि पकडलं तर विचारणा पाठवणाऱ्याला होत नाही, तो रायपुरात बसलेला असतो. विचारणा होते ती ज्याचं नाव पार्सलवर असतं त्याला.

पार्सलवर नाव होतं प्राचीचं. आमच्या पाऱ्यातल्या वंदनावहिनींची मुलगी. तिकडंच बाळंत झालेली, बाळ अजून बारा दिवसांचंही झालं नव्हतं. वहिनींचा व्हिसा अडकलेला, म्हणून त्यांनी पार्सल केलं होतं. थायरॉइडच्या गोळ्या, कॅल्शियम, शतावरी कल्प, आणि डिंकाचे लाडू. मी आठवडाभर आधी त्यांना बजावलं होतं, लाडवात खसखस घालायची नाही. बुकिंगच्या वेळी पुन्हा विचारलं. "नाही हो ताई, अजिबात नाही," त्या म्हणाल्या. डबा उघडून पाहिला, वरून सगळं ठीक दिसलं. बाळंतिणीचे लाडू फोडून बघायची कुठं पद्धत आहे? आणि आज त्याच वहिनी, पार्सल नीट गेलं या आनंदात, त्याच घाण्यातले चार लाडू ऑफिसात देऊन गेल्या होत्या.

मला भीती वाटली. ही भीती नोकरीची नव्हती.

आधी पार्सलचा नंबर टाकला. पार्सल मुंबईच्या हबमध्ये. हब म्हणजे जिथं सगळ्या गावांची पार्सलं गोळा होऊन विमानात चढतात ती जागा. फ्लाइट त्याच संध्याकाळची. मी हबला फोन लावला. तिथं नाईक म्हणून एक जण आहेत, माणूस सरळ, पण बोलतो असा की घाई फक्त त्यालाच आहे.

"नाईक, एक पीस काढायचाय."

"आत्ता? ताई, बॅग सील झालीय. मॅनिफेस्ट पण गेलं."

मॅनिफेस्ट म्हणजे त्या विमानातल्या पार्सलांची यादी. ती एकदा गेली की एक डबा काढायला पूर्ण बॅग परत आणावी लागते, कस्टमवाल्यांसमोर फोडावी लागते. कधी कधी आख्खी बॅग फ्लाइट चुकवते.

"कारण काय लिहू?" नाईकांनी विचारलं.

"आतमध्ये वर्ज्य वस्तू आहे."

"मग मेल टाका. मॅनेजरचं अप्रूव्हल आणि पाठवणाऱ्याची सही केलेला अर्ज. दोन्ही आल्याशिवाय मी बॅगेला हात लावू शकत नाही. आणि लवकर हं, गाडी एअरपोर्टला सुटायचीय."

वहिनींना फोन केला. त्या ब्राह्मणपाऱ्यात नणंदेकडे होत्या. मी कोरा कागद आणि स्टॅम्पपॅड पर्समध्ये टाकलं आणि स्कूटी काढली. अंतर चालत जाण्याइतकंच, पण त्या दिवशी प्रत्येक वळणावर कुणीतरी गाडी आडवी लावून गप्पा मारत होतं. मी आयुष्यात इतका हॉर्न वाजवला नव्हता.

वहिनी दारातच होत्या. मी आत न जाताच विचारलं, "लाडवात खसखस कुणी टाकली?"

"मी नाही टाकली ना ताई! काहून विचारून राहिल्या? तुम्ही सांगितलं होतं तर मी काहून टाकीन?"

"मग लाडू केले कोणी?"

त्यांनी मागं वळून पाहिलं. आत पलंगावर त्यांची थोरली नणंद बसली होती. कुसुमआक्का. प्राचीची आत्या. पंच्याहत्तरीच्या, पाठ सरळ, आणि त्या घराण्यातल्या सगळ्या बाळंतिणींचे लाडू त्यांच्याच हातचे. स्वतःला मूलबाळ नाही, प्राचीला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं.

"हव, टाकली," आक्का म्हणाल्या. "मूठभर टाकली, भाजून टाकली. खसखशीबिगर बाळंतिणीचा लाडू असते काय? पोट्टीले रातभर झोप नाही, लेकरू रडून राहिलं."

"आक्का, मी तुम्हाले नाही म्हटलं होतं ना!" वहिनींचा आवाज चिरकला.

"म्हटलं होतं. मले वाटलं महाग आहे म्हणून नाही म्हणून राहिली तू. म्हणून मी माह्या पैशानं आणली. तुले सांगितलं नाही."

मी विचारलं, "वहिनी, का नको ते तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"कसं सांगू ताई? बाळंतिणीच्या लाडवापाशी पोलिसाचं, जेलचं नाव काढू काय? अभद्र नाही का ते?"

ते नाव माझ्या आईनंही नसतं काढलं.

आक्का आमच्या दोघींच्या तोंडाकडं पाहत होत्या. 'पोलीस' हा शब्द त्यांनी पकडला होता. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "धरतीन काय तिले? अन् लेकराचं काय करतीन? ते तर अंगावर पिऊन राहिलं."

मला माहीतच नव्हतं. ते बाळ आणि ती मुलगी, दोघंही दारावरच्या बेलची वाट बघत असतील, 'आईचं पार्सल आलं' म्हणत ती स्वतः सही करायला येईल, हे डोळ्यांपुढून हलेना. तिच्या ओळखपत्राची कॉपी पार्सलला मी माझ्या हातानं टाचली होती.

वहिनींनी मोबाइल उचलला आणि प्राचीला व्हॉइस मेसेज करायला लागल्या. "बेटा, त्या लाडवात..."

मी फोन हिसकावून घेतला. माझ्याकडून असा उद्धटपणा कधी झाला नव्हता. "काही लिहायचं नाही, काही बोलायचं नाही! उद्या तिचा फोन कुणी तपासला तर तिला आधीपासून माहीत होतं असं होईल." खरं तर असं होतं की नाही हे मला ठाऊक नव्हतं. पण भ्यालेल्या माणसाला सगळीकडे फासच दिसतात.

अर्ज लिहिला. वहिनींची सही त्यांच्या पॅन कार्डावरच्या सहीशी जुळेना. खाली अंगठा पण घेतला.

आता राहिले तिवारी सर. आमचे ब्रँच मॅनेजर. ऑफिसात परतून अर्ज त्यांच्यापुढं ठेवला. वाचून त्यांनी चष्मा काढला.

"मैडम, इसमें लिखा है प्रोहिबिटेड आइटम. मतलब हमने प्रोहिबिटेड आइटम बुक किया. ऑडिट में क्या बोलूँगा?"

"जो हुआ वही बोलिए सर."

"लिखिए पता गलत है. सीधी बात."

"पता गलत होगा तो बैग नहीं रोकेंगे. बोलेंगे उधर जाके सुधार लेंगे. और उधर जाना ही नहीं चाहिए."

"घी-गुड़ के लड्डू में कौन झाँकता है? हज़ार पार्सल जाते हैं."

"नहीं झाँका तो अच्छा है. झाँक लिया तो सर, उस पे नाम अपना नहीं है. नौ-दस दिन का बच्चा है उस लड़की का."

ते पेन टेबलावर आपटत राहिले. सर वाईट माणूस नाहीत, पण त्यांना कागदाची भीती वाटते. मला त्या दिवशी कागदाची भीती वाटत नव्हती, एवढाच फरक.

"मेल आपके नाम से जाएगा?"

"जाने दीजिए."

"मुझे सीसी में रखिए."

मेल गेला. त्याखाली सरांनी एकच शब्द टाकला, 'अप्रूव्ड'. मी नाईकांना फोन केला. ते म्हणाले, "मिळालं. गाडी गेटवर आहे, बघतो." आणि फोन बंद.

नुसतं 'बघतो'. आपल्याकडं 'बघतो' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

तेवढ्यात वहिनी आक्कांना घेऊन रिक्षानं ऑफिसात येऊन बसल्या. नका येऊ म्हटलं होतं. दुसरी गिऱ्हाइकं येत होती, मी वजनं करत होते, बिलं फाडत होते, आणि दर थोड्या वेळानं आक्का विचारत होत्या, "उतरलं काय?" मी मान हलवायची. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मैडम, प्रोटीन पाउडर चला जाएगा क्या?" मी त्याला असा डबा उघडायला लावला आणि असे प्रश्न विचारले, की तो बिचारा पार्सल उचलून निघून गेला.

नाईक फोन उचलत नव्हते. मी स्क्रीन रिफ्रेश करत होते. बाहेर दिवे लागले. आणि स्क्रीनवर ओळ बदलली. डिपार्टेड.

म्हणजे निघालं.

वहिनींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. हुंदका तरी बाहेर आलाच. आक्का उठून माझ्या काउंटरपाशी आल्या, काचेवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाल्या, "बाई, माह्या नावानं लिहून दे तिथं. लाडू मी केले म्हणून. धरायचं तर मले धरा म्हणा. मी येते तिथं. माह्यापाशी पासपोर्ट नाही, पण काढते."

मी त्यांचे हात धरले. तिवारी सर केबिनच्या दारात येऊन उभे होते.

फोन वाजला. नाईक.

"ताई, सॉरी, आत फोन नेता येत नाही. तुमचा डबा माझ्या टेबलावर आहे."

"पण डिपार्टेड दाखवतंय!"

"ते बॅगेचं स्कॅनिंग हो. बॅग गेली, तुमचा पीस काढला. सिस्टिमला उद्या कळेल. लाडवांचा वास मस्त येतोय पण."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. आक्कांना ऐकू जावं म्हणून तिसऱ्यांदाही. वहिनी रडत होत्या, आता मोठ्यानं. आक्का रडल्या नाहीत. पाणी मागितलं, पूर्ण ग्लास प्यायल्या, आणि म्हणाल्या, "चल वंदने, दिवा लावायचा राहिला."

पुढचं थोडक्यात. पार्सल परत आलं. गोळ्या, कॅल्शियम आणि शतावरी, चिठ्ठी-बिलासकट, मी पुन्हा बुक केली, आणि ती व्यवस्थित पोचली. लाडू पाठवले नाहीत. प्राचीला आजतागायत कुणी काही सांगितलेलं नाही. तिचा फोन आला तेव्हा मी वहिनींकडेच होते. ती आत्यावर रुसली होती. "आत्या, सबके लिए बनाती हो, मेरे ही टाइम पे नहीं बनाए?" आक्का म्हणाल्या, "औंदा डिंक चांगला नाही भेटला, बेटा." ती म्हणाली, "पता है, तुम्हारे से अब होता नहीं है." आक्कांनी "हव" म्हटलं, आणि फोन वहिनींच्या हातात दिला.

मला कंपनीकडून खुलासा मागणारा मेमो आला. खुलासा दिला. वर्षाच्या शेवटी शेरा लागला, 'काळजी घ्यावी'.

घेते. गिऱ्हाइकाला 'हे चालत नाही' एवढं सांगून मी आता थांबत नाही. का चालत नाही तेही सांगते, पोलीस आणि जेल हे शब्द मोठ्यानं उच्चारून, समोर बाळंतिणीचं नाव असलं तरी. मग विचारते की लाडू वळले कोणी, आणि त्या बाईंना माझ्यासमोर फोन लावायला लावते. लोक म्हणतात, या बाईच्या तोंडात अभद्र आहे. आहे.