सोनं मधे बोलतं

माझ्याबरोबर संशोधन करणाऱ्या एका मित्राचं म्हणणं खरं होतं, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

तो अंबरनाथच्या बुवापाड्यातला, मी बदलापूरचा. आमच्या वडिलांनी शेत बिल्डरला विकलेलं, म्हणून तो मला ‘शेठ’ म्हणायचा. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं पाणी तो स्वतः बनवायचा. लालभडक. बाटली उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "शेठ, सोनं नुसतं आवाज वाढवत नाही. ते मधे बोलतं."

उल्हासनगरला काचसामान घ्यायला गेलो तेव्हा ती बाटली त्याच्या खिशात होती. सिंधी दुकानदाराने विचारलं, "साईं, शरबत है क्या?"

"सोना है."

"सोना है तो पैदल क्यों घूमता है?"

माझ्याआधी तोच हसला.

दोन हजार सात-आठची गोष्ट. लेसरचे दोन अतिशय आखूड झोत रेणूंवर एकदम टाकायचे. रेणूंची थरथर आलेखावर उंचवटे होऊन दिसते. जवळ सोन्याचा कण असला की त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाने एकसाथ हिंदकळतात. त्याला प्लाझ्मॉन म्हणतात. त्याने उंचवटा वाढतो. किती वाढतो, एवढाच माझा प्रबंध. मित्राला मात्र उंचवट्याला लागून खड्डा दिसायचा, आणि कण बदलले की खड्डा बाजू बदलायचा.

"जयंतीला आमच्या गल्लीत दोन भोंगे लावतात," तो सांगायचा. "गाणं एकच. मधे उभा राहा. काही शब्द दणकून येतात, काही गायबच. एक भोंगा जरा उशिरा पोचतो ना! सोनं तेच करतं."

आमच्याकडे सरांना दाखवण्याआधी आलेख ‘घासायची’ पद्धत होती. खालचा चढउतार कॉम्प्युटरवर वजा करून टाकायचा. त्यात हे खड्डेही बुजायचे. तो घासायला तयार नव्हता. एकदा मी माझाच आलेख न घासता पाहिला. खड्डा होता. म्हणजे मी मोजलेल्या सगळ्या उंच्या चुकीच्या होत्या.

त्याच आठवड्यात सरांनी त्याच्यासमोर मला विचारलं, "तुला दिसतो का रे खड्डा?"

"नाही, सर."

"मग याच्या लेसरचा आरसा हललाय."

मला वाटलं तो भांडेल. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "शेठ, तुला दिसत नाही म्हणजे माझंच कुठंतरी चुकतंय." आणि आरसे लावायला बसला. शिष्यवृत्ती संपेपर्यंत तो आरसेच लावत होता. खड्डा काही जाईना. शेवटी शेवटी तो बाटली उजेडाकडे धरायचा, पण बोलायचा नाही.

मी डॉक्टर झालो. तो अंबरनाथच्या एका रंगांच्या कारखान्यात नमुने तपासायला लागला. बदलापुरात खरवईला एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "बरं झालं बाबा, तुझं तरी नीट निघालं." मी त्याला उसाचा रस पाजला.

पुढे परदेशातल्या लोकांनी तसेच खड्डे छापले, कारणासकट. कारण तेच, दोन भोंग्यांचं. मी तो लेख वाचला तेव्हा त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. साधी कावीळ, अंगावर काढली.

तो गेल्यावर मी बुवापाड्यात गेलो होतो. त्याच्या आईने चहा दिला. म्हणाली, "बाळा, लेसर त्यानंच बिघडवला म्हनत होते ना तुमचे सर? घरात कधी कप फोडला नाही रे त्यानं." मी म्हणालो, "जाऊ द्या मावशी, आता काय त्याचं." आणि चहा संपवला.

मावशी अजून तिथेच राहतात. त्यांच्या मुलाचं मोजणं बरोबर होतं आणि मी खोटं बोललो, हे त्यांना सांगायचं मी देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.