भावजयीच्या घटपर्णी

माझी भावजय पडदे शिवायची. टीप सरळ, जीभ तिरकी. पहिल्यांदा माझ्या घरी आली तेव्हा म्हणाली, "वन्सं, एवढ्या शिकलात आणि पडदे उलटे लावलेत!" तेव्हापासून आमचं जमलं.

घटपर्णी तिच्याकडे आल्या माझ्या भावाच्या दुखण्यात. त्याची फुप्फुसं निकामी होत चाललेली, म्हणून डॉक्टरांनी खोलीत वाफेचं मशीन लावायला सांगितलं. त्या दमट हवेत दुसरं झाड टिकेना, ह्या मात्र फोफावल्या. पानाच्या टोकाला दोरा, दोऱ्याला लोंबता घट, वर झाकण, आत किडे विरघळवणारं पाणी. नळाचं पाणी तिने त्यांना कधी दाखवलं नाही. पावसाचं साठवून, गाळून द्यायची. शिवणाच्या चिमट्याने घटात मुंग्या सोडायची. भाऊ धापा टाकत हसायचा, "त्यांना मांसाहार, मला पथ्य!"

तो गेला. मशीन चालूच राहिलं, रिकाम्या पलंगाशेजारी फुसफुसत.

भाचा वैतागला. "आई, पुरे आता. घर विकू, माझ्याकडे चल."

"तुझे बाबा अजून श्वास घेतात त्या खोलीत," ती म्हणाली.

असली बडबड मला सहन होत नाही. मीच तोडगा काढला. कोरड्या हवेत घटपर्णीला नवा घट धरत नाही, हे मी कॉलेजात शिकले होते आणि तिलाही अनुभवाने ठाऊक होतं. मशीन बंद करायचं. झाडं मरू नयेत म्हणून कुंड्यांतून पावसाच्या पाण्याच्या बादलीत वाती सोडायच्या. खोलीला कुलूप, किल्ली माझ्याकडे. उन्हाळाभर तिने मुलाकडे राहायचं. नवा घट आला नाही, तर खोलीत कुणी श्वास घेत नाही हे मान्य करायचं आणि घर विकायचं.

"आणि आला तर?"

"तर राहा इथेच. मी कोण बोलणार!"

उन्हाळा सरताना, भर दुपारी मी कुलूप काढलं. मशीनवर धूळ. प्लग काढलेला; मीच काढला होता. जुने घट वाळून कागद झालेले. म्हटलं, चला, सुटलो.

मग पलंगाकडे नजर गेली. त्या बाजूच्या पानापानाला नवा घट, हिरवा, टवटवीत, झाकण उघडून उशीकडे तोंड केलेला. खिडकीच्या बाजूला एकही नाही.

बाहेर रस्ता तापून निघालेला, आणि खिडकीची काच आतून धुकटलेली. मी रुमालाने पुसली. ती परत धुकटली. थोडीशी. मग थांबून, आणखी थोडी. ती लय मी भावाच्या उशाशी बसून ऐकलेली होती.

बाहेर येऊन भाच्याला फोन लावला. "घर विकायचं नाही."

"आत्या, निदान तू तरी शहाणी—"

"शहाणी आहे म्हणूनच सांगतेय. आणून सोड तिला."

संध्याकाळी ती आली. पिशवी दारातच टाकून खोलीत गेली. मशीनला हात लावला नाही. बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"वन्सं, काच पुसलीत?"

"हो."

"नका पुसत जाऊ," ती हळूच म्हणाली. "त्यांना दम लागतो."